दांडी काढली, बटणं ठेवली

लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये हाताखाली काय असावं, याचं उत्तर बरीच वर्षं ठरून गेलेलं होतं. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला सहा बटणं. कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २' १९९१ मध्ये आला आणि ही मांडणी जगभरच्या पार्लरांत रूढ झाली. आपल्याकडे एकेक रुपयाचं नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळलेल्या पिढीचे हातही त्याच सवयीत वाढले. घरातल्या कन्सोलने दांडी काढून अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण दिलं. तरी चारही दिशा एकाच अवयवाने सांभाळायच्या, ही कल्पना तशीच राहिली. २०१० नंतर अमेरिकेतल्या 'हिट बॉक्स' या छोट्या कंपनीने तीच मोडीत काढली. त्यांच्या यंत्रावर दांडी नव्हतीच. डावं, खाली आणि उजवं या तीन दिशा डाव्या हाताच्या तीन बोटांना वाटून दिल्या आणि उडीसाठी लागणारी 'वर' ही दिशा खालच्या बाजूला मधोमध, दोन्ही अंगठे पोहोचतील अशा मोठ्या बटणावर नेली. आज अशा यंत्राला खेळाडू 'लिव्हरलेस' म्हणतात, किंवा त्या कंपनीच्या नावावरून सरसकट 'हिटबॉक्स'. त्याच्याभोवती दोन समज घट्ट झाले आहेत: एक, ते घेतलं की हात आपोआप वेगवान होतो, दोन, ते वापरणं म्हणजे लबाडी. दोन्ही समज तपासून पाहिले तर एकाच जागी येऊन थांबतात. हे यंत्र खेळाडूला देतं ती मुख्यतः स्पष्टता, आणि ती स्पष्टता टिकवायची असेल तर बदल कशात करायचे आणि कशात नाही, याची एक रेषा आखावी लागते. हात, शरीर आणि भोवतालची हवा यांच्यासाठी हवे तेवढे बदल करावेत. परस्परविरोधी दोन आज्ञांमधली कोणती खरी धरायची, हा निवाडा मात्र यंत्राकडे सोपवू नये.

दांडीचं खरं बळ कशात असतं, हे रायगडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याला कळतं. १९८९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनचा चालक उंचावरच्या केबिनमध्ये दांड्या धरून काम करतो. दांडी थोडी कलवली की लोंबकळणारा बोजा हळू सरकतो, जास्त कलवली की वेग वाढतो. कोणत्या दिशेला, या प्रश्नाइतकाच किती, हा प्रश्न तिथे मोलाचा असतो आणि बटणाला त्याचं उत्तर देता येत नाही. लढतीच्या बहुतेक गेमांना मात्र 'किती' कधी विचारायचंच नसतं. पार्लरमधल्या दांडीच्या बुडाशी चार छोटे स्विच असतात. दांडी त्यांतला एखादा किंवा शेजारचे दोन दाबते, एवढंच. गेमला कळतात त्या आठ दिशा आणि मधली स्थिर अवस्था. दांडी अर्धी झुकली काय किंवा पूर्ण, स्विच दाबला गेला असेल तर अर्थ एकच. म्हणजे दांडी दिसते क्रेनच्या दांडीसारखी, पण तिचं बोलणं चार बटणांचंच असतं. लिव्हरलेसमध्ये तेच चार स्विच थेट बोटांखाली येतात. दांडी डावीकडून उजवीकडे न्यायची तर ती मधून जावीच लागते आणि तेवढा वेळ जातो. हा वेळ खेळाच्या कुठल्याही नियमाने ठरवलेला नाही, तो दांडीचा आणि स्प्रिंगचा आहे.

तो वेळ किती, याचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण वेगाचा सगळा दावा त्यावर उभा आहे. हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात आणि प्रत्येक चित्रागणिक एकदा हाताची स्थिती वाचतात. एका चित्राचा वाटा सुमारे १६.७ मिलिसेकंद. दांडीचा प्रवास वाचल्याने फारतर काही चित्रांची बचत होते. पडद्यावर काही घडलेलं पाहून माणसाने बोट हलवायला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट असतो आणि तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, 'स्ट्रीट फायटर ५' चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं तेव्हा त्यांचं वय ४४ होतं. चपळ बोटं हेच या खेळाचं सार असतं तर त्या वयात हे घडलं नसतं. समोरचा काय करील याचा अंदाज, अंतराची जाण आणि ठरवलेली चाल चुकीविना काढणं यांवर खेळ उभा असतो. लिव्हरलेसचा उपयोग होतो तो यातल्या तिसऱ्या गोष्टीत.

एक उदाहरण घेऊ. खेळाडू दिशांना संगणकाच्या कीबोर्डवरच्या अंकपट्टीचे आकडे देतात: २ म्हणजे खाली, ६ म्हणजे उजवं, ३ म्हणजे त्या दोघांमधला तिरपा कोपरा. आगीचा गोळा फेकायची प्रसिद्ध आज्ञा म्हणजे २, ३, ६ आणि मग ठोसा. दांडीवर ही एक सलग गोलाई असते. ती बिघडली तर नेमकं कुठे बिघडली, हे हाताला कळत नाही. कोपरा सुटला, दांडी जास्त वर गेली, की ठोसा लवकर पडला? बटणांवर त्याच आज्ञेच्या चार वेगळ्या क्रिया होतात: मधलं बोट 'खाली' दाबतं, तर्जनी 'उजवं' दाबते, मधलं बोट उचललं जातं, मग ठोसा. दोन बटणं एकत्र दाबलेली असतात तेव्हा कोपरा आपोआप मिळतो. तो शोधावा लागत नाही. सरावाच्या पडद्यावर दिशांची नोंद उमटते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ एका बोटाकडे बोट दाखवते. तिथे ३ आलाच नाही असं दिसलं, तर तर्जनी दाबण्याआधीच मधलं बोट उचललं गेलं, हे निश्चित. चुकीला पत्ता मिळाला की सराव नेमका होतो. स्पष्टता म्हणायची ती ही.

यावर पहिला आक्षेप जुन्या खेळाडूंचा असतो: वर्षानुवर्षं दांडी धरलेल्या हाताला हे जमत नाही, आणि जमायला लागतं तोवर खेळ मागे पडतो. आक्षेप खरा आहे. बोटं सुटी करणं ही वेगळी विद्या आहे आणि महाराष्ट्रातल्या टंकलेखन संस्था ती पिढ्यान् पिढ्या शिकवत आल्या. मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या सरकारी परीक्षेला बसणारा विद्यार्थी दोन बोटांनी भराभर टंकत असला, तरी त्याला आधी हळू व्हावं लागतं. प्रत्येक बोटाला त्याची ठरलेली अक्षरं, नजर कागदावर, हात जागेवर. वेग त्यानंतर येतो आणि टिकतो. लिव्हरलेसचं शिक्षण याच वाटेने जातं. उलट ज्यांनी हे गेम संगणकाच्या कीबोर्डवर खेळायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी ही वाट निम्मी चाललेली असते. कन्सोल महाग आणि सायबर कॅफे जवळ असलेल्या आपल्या गावांत अशी मुलं थोडी नव्हती. त्यांना नडत होता तो स्वस्त कीबोर्ड. त्यात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीवर बसवलेल्या असतात, त्यामुळे ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की एखादी हरवते. खाली, उजवं आणि ठोसा एकाच क्षणी दाबायचे असतील तर हे घातक ठरतं. लिव्हरलेसमध्ये प्रत्येक बटणाची स्वतंत्र तार थेट चिपच्या स्वतंत्र पायाला जाते, म्हणून काही हरवत नाही. बोटांची सवय कीबोर्डचीच, पण नोंद पक्की.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. दांडी एका वेळी डावीकडे आणि उजवीकडे झुकू शकत नाही. दोन बोटं मात्र दोन्ही बटणं एकदम दाबू शकतात. मग गेमने काय समजायचं? एकाच दाराला आतून आणि बाहेरून दोघांनी सारखाच जोर लावला तर दार हलत नाही. तसं दोन्ही आज्ञा एकमेकींना रद्द करतात असं मानणं, हे सर्वांत सरळ उत्तर. पण हे उत्तर यंत्रातली चिप देते आणि ती वेगळंही देऊ शकते. नंतर दाबलेलं बटण खरं, आधी दाबलेलं खरं, किंवा खाली आणि वर एकत्र आले तर वर खरं, अशा रीती तिला शिकवता येतात. 'एसओसीडी' या आद्याक्षरांनी खेळाडू ज्याबद्दल तावातावाने बोलतात, तो विषय एवढाच: विरुद्ध दिशा एकदम आल्या तर निवाडा कसा करायचा.

निवाड्याची रीत बदलली की खेळही बदलतो, हे 'स्ट्रीट फायटर'मधल्या गाइल या पात्रावरून कळतं. त्याच्या चाली दम धरून काढायच्या असतात. पाऊणेक सेकंद मागे दाबून ठेवायचं, मग पुढे आणि ठोसा. किंवा तेवढाच वेळ खाली दाबून ठेवायचं, मग वर आणि लाथ. दांडीवर चाल काढताना दम सोडावाच लागतो. मागची जागा सोडून पुढे जायचं, चाल झाली की परत मागे येऊन पुन्हा दम धरायचा. ही किंमत त्या पात्राच्या घडणीचाच भाग आहे. आता 'नंतरचं बटण खरं' अशी रीत असेल तर मागचं बटण न सोडता पुढचं नुसतं टिचकावायचं. चाल निघते आणि बोट उचलताच मागचा दम तत्काळ सुरू होतो. 'वर खरं' या रीतीने लाथेच्या चालीलाही तीच सवलत मिळते. इथे खेळाडूने काही सोडलेलं नसतं. सोडण्याचं काम चिपने केलेलं असतं. लबाडीचा आरोप बटणांवर केला जातो, पण तो लागू पडतो या निवाड्यावर.

स्पर्धांचा इतिहास हेच सांगतो. २०१९ मध्ये जपानचा नामवंत खेळाडू दायगो उमेहारा 'गाफ्रोबॉक्स' नावाचं बटणांचं यंत्र घेऊन कॅपकॉम प्रो टूरमध्ये उतरू पाहत होता. ते यंत्र स्पर्धेत वापरू देण्यात आलं नाही आणि वाद पेटला तो विरुद्ध दिशा एकदम दाबण्यावरून. पुढे 'स्ट्रीट फायटर ६' आला आणि २०२३ च्या कॅपकॉम प्रो टूरच्या नियमांत स्पष्ट झालं, की डावं-उजवं असो वा वर-खाली, विरुद्ध दिशा एकत्र आल्या तर परिणाम शून्य धरावा. बटणांची यंत्रं स्पर्धेत राहिली; निर्मात्यांनी आतली आज्ञावली बदलली. दुसऱ्या जातीच्या खेळातही हेच झालं. २०२४ मध्ये रेझर कंपनीने आपल्या कीबोर्डांत 'स्नॅप टॅप' ही सोय दिली. तिच्यात नंतर दाबलेली कळ आधीच्या विरुद्ध कळीवर मात करते. नेमबाजीच्या 'काउंटर-स्ट्राइक २' मध्ये धावता धावता क्षणात थबकून गोळी झाडणं हे कसबाचं काम. या सोयीने ते जवळजवळ आपोआप होऊ लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या गेमच्या व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा साधनांना मज्जाव केला. कीबोर्डवर मात्र कुणी बंदी घातली नाही. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे खेळ आणि रेषा एकाच ठिकाणी आखलेली.

तरीही चाणाक्ष टीकाकाराचा एक मुद्दा उरतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. परिणाम शून्य धरला तरी बटणांना त्यातूनही लाभ काढता येतो. ६, २, ३ ही उसळत्या ठोशाची आज्ञा घ्या. उजवं दाबून धरायचं. मग खाली आणि डावं एकदम दाबायचं. डावं आणि उजवं एकमेकांना रद्द करतात, उरतं नुसतं खाली, म्हणजे २. आता डावं सोडायचं; उजवं आणि खाली मिळून ३ होतो. दांडीला ही युक्ती कधीच साधणार नाही. मग हा अन्याय नव्हे का? फरक असा, की इथे प्रत्येक पाऊल खेळाडूच्या बोटाने टाकलेलं आहे. डावं बटण एका चित्राएवढ्या वेळाने लवकर किंवा उशिरा सुटलं तर आज्ञा फसू शकते आणि दोष त्याचाच. प्रत्येक साधनाच्या घडणीतून असे काही लाभ आणि काही अडचणी निघतात. झांगीफसारख्या कुस्तीगीर पात्राची पूर्ण गोल फिरवायची आज्ञा दांडीवर मनगटाच्या एका गिरकीत होते, बटणांवर मात्र बोटांची कसरत होते. अंगठ्याने खेळायचं जुनं पॅडही मागे पडलेलं नाही: २०१४ च्या इव्हो स्पर्धेत 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४' चं विजेतेपद फ्रान्सच्या लफीने पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर मिळवलं. साधनांमध्ये फरक राहणारच. बोटांतून आलेला फरक खेळात धरावा, चिपच्या निवाड्यातून आलेला धरू नये, हा निकष इथे पुरतो.

गेम बनवणाऱ्यांनीही सोय आणि न्याय यांचा मेळ उघडपणे घातला आहे. 'स्ट्रीट फायटर ६' मधल्या 'मॉडर्न' पद्धतीत एकच बटण आणि एखादी दिशा दाबून विशेष चाल निघते. आज्ञा पूर्ण न देता काढलेल्या त्या चालीचा मार मात्र ८० टक्केच बसतो. सोय सर्वांना दिसते आणि तिची किंमतही पडद्यावर दिसते. चिपमध्ये लपवलेल्या निवाड्याबद्दल यांतलं काहीच खरं नसतं. समोर बसलेल्याला तो दिसत नाही, गेमला कळत नाही आणि त्याची किंमत कुणी मोजत नाही.

एकदा ही रेषा पक्की झाली की तिच्या अलीकडे करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते फार खर्चिकही उरलेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला जाहीर झालेला 'रास्पबेरी पाय पिको' हा छोटा बोर्ड आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतो. वापरायला मोकळे असे २६ पाय त्याला आहेत, म्हणजे एका यंत्राची सगळी बटणं मावून पाय उरतात. प्रत्येक बटणाची एक तार एका पायाला, दुसरी सर्वांना मिळून जमिनीच्या तारेला. जोडणीचं तत्त्व एवढंच. 'जीपी२०४०-सीई' ही खुली, फुकट आज्ञावली बोर्डवर चढवायची तर बोर्डवरचं 'बूटसेल' बटण दाबून ठेवून यूएसबी तार लावायची. संगणकावर पेन ड्राइव्हसारखा भाग दिसतो, त्यात फाइल टाकली की काम झालं. नंतर स्टार्टचं बटण दाबून जोडलं तर ब्राउझरमध्येच तिची मांडणी उघडते. कोणता पाय म्हणजे कोणतं बटण, विरुद्ध दिशांचा निवाडा कसा, हे सगळं तिथे ठरतं. संगणकावर हे यंत्र सरळ चालतं. प्लेस्टेशन ४ वर मात्र सोनीची ओळख न पटलेलं साधन आठ मिनिटांनी तुटतं, त्यामुळे त्यासाठी वेगळा बोर्ड किंवा जोड लागते. घेण्याआधी आपण कशावर खेळणार हे ठरवणं म्हणूनच महत्त्वाचं. अलिबागकराला सुटे भाग पारखून घ्यायचे तर मांडव्याहून बोटीने मुंबई गाठून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड पालथा घालता येतो. उरणकराला जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे.

बदलांचा पहिला विचार शरीराचा असावा. बाजारातली मांडणी एका सरासरी हातासाठी असते आणि सरासरी हात कुणाचाच नसतो. रूढ मांडणीत बहुतेक बटणं २४ मिलिमीटरची आणि 'वर'चं ३० मिलिमीटरचं असतं. कीबोर्डची सवय असलेल्याने 'वर' हे मधल्या बोटाच्या डोक्यावर, जुन्या जागी आणलं तर त्याचं शिक्षण सोपं होतं. अंगठा दुखणाऱ्याने तर आणावंच. कीबोर्डी स्विच निवडताना दोन आकडे पाहावेत: दाब किती ग्रॅमचा आणि किती खोलीवर नोंद होते. चेरी कंपनीचा लाल स्विच ४५ ग्रॅमला, चार मिलिमीटरच्या प्रवासात दोन मिलिमीटरवर बोलतो. बुटक्या जातीचे स्विच दीड मिलिमीटरच्या आसपास. हलका आणि उथळ स्विच झटपट वाटतो, पण टेकवलेल्या बोटानेही दाबला जातो, आणि ज्या खेळात चुकीची उडी म्हणजे पडलेला मार, तिथे ते परवडत नाही. ज्याची बोटं जड त्याने जड स्विच घ्यावा. दुखापतीबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या गेमचा न्यूयॉर्कचा खेळाडू हॅक्स याने हाताच्या दुखण्यापायी 'बॉक्स' या बटणांच्या यंत्राचा ध्यास घेतला, हे खरं. त्यावरून बटणं म्हणजे औषध, असं ठरत नाही. ताण मनगटावरून बोटांवर सरकतो, नाहीसा होत नाही. मनगट सरळ राहील इतकं यंत्र उतरतं ठेवणं आणि विश्रांती घेणं, याला पर्याय नाही. तरी ज्याला दांडी पकडताच येत नाही किंवा एकच हात चालतो, त्याच्यासाठी सुटी बटणं हवी तिथे मांडता येणं ही मोठी गोष्ट. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये 'एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर' आणि सोनीने २०२३ मध्ये 'अॅक्सेस' आणला तो याच विचाराने.

दुसरा विचार हवेचा, आणि तो अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या खेळाडूला पुण्याच्या खेळाडूपेक्षा जास्त करावा लागतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि बाराही महिने खारा वारा, यांत धातूचा स्पर्श हीच कमजोर जागा. मिठाचे सूक्ष्म कण हवेतली ओल धरून ठेवतात, तांब्यावर आणि कथिलावर गंज चढतो, स्पर्शाचा विद्युतरोध वाढतो. मग बटण एका दाबात दोनदा बोलतं किंवा मुळीच बोलत नाही. आज्ञावलीत काही मिलिसेकंदांचा थांबा वाढवून दुहेरी नोंद झाकता येते, पण तो थांबा आपल्याच प्रतिसादातून कापला जातो. रोग राहतो, लक्षण दबतं. त्याऐवजी ज्यात धातूला धातू लागतच नाही असे चुंबकीय किंवा प्रकाशावर चालणारे स्विच किनाऱ्यावर जास्त टिकण्यासारखे असतात. चुंबकीय स्विचांबरोबर नोंदीची खोली मनासारखी ठरवण्याची सोय येते. ती रेषेच्या अलीकडची, हात आणि बोट यांच्यातली. मात्र काही साधनांत तिच्याच शेजारी 'नंतरचं खरं' हा पर्यायही बसलेला असतो, तेवढा बंद ठेवावा. साधेच स्विच वापरायचे तर सोल्डर न करता खोबणीत बसणारे घ्यावेत, म्हणजे बिघडलेला एक उपटून नवा बसवता येतो. बोर्डच्या उघड्या सांध्यांवर संरक्षक लॅकर, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि खेळ झाल्यावर सिलिका जेलची पुडी टाकून बंद डब्यात ठेवणं, एवढ्याने आयुष्य वाढतं. पेटीसाठी स्वस्त म्हणून एमडीएफ घेतला तर तो पावसाळ्यात कडांनी फुगतो आणि बटणांची भोकं वाकडी होतात. अॅक्रिलिक किंवा उन्हाला टिकणारं प्लास्टिक बरं.

आता शेवटचा आक्षेप: मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या रायगड जिल्ह्यात एवढा खटाटोप कुणासाठी? खेळणारे थोडे आहेत, हे मान्य. पण ई-स्पोर्ट्सना देशात आता नाव आणि जागा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांमधले ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले. हांगझोऊला 'स्ट्रीट फायटर'मध्ये मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले. २०२५ च्या कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. दुसरं कारण खेळाबाहेरचं आहे. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याला स्विचचं थरथरणं, यूएसबीवरून होणारी नोंद, चिपचे पाय, पेटीची रचना हे सगळं एका वस्तूत हाताळायला मिळतं, आणि वस्तू चालली की नाही याचा निकाल पडद्यावर लगेच लागतो.

अशा हौशी यंत्रांनी गावात स्पर्धा भरवायची तर संयोजकाला महागडी तपासणी लागत नाही. डावं-उजवं आणि वर-खाली एकत्र दाबून गेमच्या सरावाच्या पडद्यावर पाहावं. दिशा उमटली तर यंत्र दुरुस्त करून आणायला सांगावं. एका दाबात अनेक आज्ञा सोडणारं किंवा आपोआप टकटक करणारं बटण नाही ना, हेही पाहावं, कारण खुल्या आज्ञावलीत त्या सोयीही असतात. पेटी कुणाची, बटणं किती मोठी, 'वर' कुठे, स्विच चुंबकाचा की धातूचा, यांत संयोजकाने लक्ष घालायचं कारण नाही. ते ज्याच्या त्याच्या हाताने आणि ज्याच्या त्याच्या हवेने ठरवावं. डावं की उजवं, हे मात्र त्या क्षणी खेळणाऱ्याच्या बोटांनीच ठरवलं पाहिजे, आणि चुकलं तर ती चूकही त्याचीच राहिली पाहिजे.